शेत आणि रान : निमाडातील एका मोडलेल्या भागीची कथा

बुऱ्हाणपूरच्या इतिहासावर आजवर जे लेखन झाले, त्यात फारुकी सुलतान आहेत, मोगलांचे सुभेदार आहेत, शाही किल्ला आहे, मुमताज महलाचा मृत्यू आहे, कुंडी भंडाऱ्याचे पाणी आहे आणि देशोदेशी गेलेले तलम कापडही आहे. या सगळ्या वैभवाला धान्य व कापूस पुरविणारे शेतकरी त्यात ओझरते येतात. शेतकऱ्याचा नांगर ओढणारे बैल मात्र कुठेच दिसत नाहीत. ते बैल जन्मले कोठे, वाढले कोठे, त्यांना चारले कोणी, हा प्रश्न इतिहासकाराला पडलेला नाही. वास्तविक या भूमीची लिखित कथा सुरू होते तीच मुळी एका गुराख्यापासून. तिथूनच आरंभ करणे उचित ठरेल.

फरिश्ता हा सतराव्या शतकाच्या प्रारंभीचा इतिहासकार. १६०४ च्या सुमारास तो स्वतः बुऱ्हाणपुरास आला होता. आसिरगडाची हकीकत सांगताना तो आसा अहिराची कथा देतो. गडावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या या गवळी सरदाराजवळ पाच हजार गाई, पाच हजार म्हशी, वीस हजार मेंढ्या आणि हजार घोड्या होत्या, असे तो लिहितो. दुष्काळ पडला तेव्हा आसाच्या घरची धान्याची कोठारे गरिबांसाठी उघडली गेली. पुढे १४०० च्या सुमारास फारुकी घराण्यातील नासिरखानाने, आपल्या कुटुंबाला गडावर आश्रय द्यावा अशी विनंती केली. आसाने ती मान्य केली. डोल्यांतून स्त्रियांऐवजी शस्त्रधारी शिपाई उतरले. स्वागताला आलेला आसा व त्याचे पुत्र मारले गेले. गड हाती आल्यावर नासिरखानाने तापीकाठी शहर वसविले आणि संत बुऱ्हानुद्दीन यांचे नाव त्यास दिले. तेच आपले बुऱ्हाणपूर.

ही कथा घटनेनंतर दोनशे वर्षांनी लिहिली गेली आहे. तिच्यातील आकडे शब्दशः घेण्याचे कारण नाही, आणि ‘आसा अहीर’ यावरून ‘आसीर’ झाले ही व्युत्पत्तीही निर्विवाद नाही. तथापि कथेच्या गाभ्यात अशक्य असे काही नाही. आभीर राजा ईश्वरसेन याचा तिसऱ्या शतकातील शिलालेख नाशिकच्या लेण्यात आहे. खानदेशाची बोली आजही अहिराणी म्हणूनच ओळखली जाते. पूर्वेकडच्या गाविलगडाचे नावही लोक गवळ्यांशीच जोडतात. तापी व पूर्णेच्या खोऱ्यांवर पहारा देणाऱ्या या दोन्ही गडांच्या मुळाशी लोकस्मृतीने गुराखीच ठेवावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ज्याच्या हाती डोंगरातील चराई, त्याच्या हाती खालच्या खोऱ्याचे बैल, आणि ज्याच्या हाती बैल त्याच्या हाती शेती, हे जुने अर्थशास्त्र त्या कथेत दडलेले आहे.

ते अर्थशास्त्र समजण्यासाठी आपल्या मुलखाची ठेवण पाहावी लागते. मध्ये तापीचे काळ्या मातीचे खोरे. उत्तरेस व पूर्वेस सातपुड्याच्या रांगा. खोऱ्यात कपाशी, ज्वारी, तूर. डोंगरात साग, सलई, धावडा, तेंदू, मोह, पळस आणि निमाडचे खास झाड म्हणावे असा अंजन. हे रान पानगळीचे आहे. त्याची सावली विरळ असल्याने झाडांखाली ऊन पोहोचते आणि पावसाळ्यात पवना, मारवेल, कुसळी अशी गवते माजतात. म्हणजे एकाच जमिनीवर वर लाकूड आणि खाली वैरण, अशी दुहेरी निपज. या रानाला निव्वळ जंगल म्हणणे अपुरे, आणि नुसते कुरण म्हणणेही अपुरे. झाडी राखलेले कुरण किंवा गवत पिकविणारी झाडी असेच त्याचे वर्णन करावे लागेल.

या रानाचा उपयोग ऋतुमानाने बांधलेला असे. आषाढात खालची शेते पेरली गेली की गावात जनावरांना पाय ठेवायला जागा उरत नसे. कामाचे बैल आणि दुभती जनावरे तेवढी गोठ्यात राहत. भाकड गाई, कालवडी, गोऱ्हे यांचे खिल्लार गुराख्याच्या स्वाधीन करून डोंगरात पाठविले जाई. कुसळी गवत कोवळे असतानाच चारावे लागते. ते पिकले की त्याची कुसळे जनावराच्या तोंडात व कातडीत रुततात. त्यामुळे कोणत्या उतारावर कोणत्या पंधरवड्यात कळप न्यायचा, हे गुराख्याला ठाऊक असणे आवश्यक होते. पीक निघाले की खिल्लार खाली उतरे, शेतातील धसकटे व पाला खाई आणि मोबदल्यात शेण-मूत तेथेच टाकी. मेंढपाळांना तर शेतात मेंढ्या बसविण्यासाठी शेतकरी आवर्जून बोलावीत. फाल्गुन-चैत्रात गवत वाळून कोरडे झाल्यावर झाडे मदतीला येत : मोहाची फुले, बाभळीच्या शेंगा, आणि उन्हाळ्यात फुटणारी अंजनाची पालवी. अंजनाचा पाला गुरांना मानवतो, आणि तोही नेमका वैरणीच्या टंचाईच्या दिवसांत.

या चक्राकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. डोंगरातील गवत व पाला जनावराच्या पोटातून खत होऊन खोऱ्यातील शेतात येत असे. वीस बिघ्यांचा खातेदार कागदावर वीस बिघ्यांचा असे, पण त्याची शेती खरोखर त्याहून कितीतरी मोठ्या भूमीवर पोसली जाई. शेत हे घराण्याचे आणि रान हे गावोगावच्या सामाईक वहिवाटीचे. पण खाते दोहोंचे एकच होते. लहान शेतकऱ्याला बैलजोडी परवडत असे ती त्यामुळेच. तीन वर्षे रानात जवळजवळ फुकट वाढलेला गोऱ्हा चौथ्या वर्षी जुवाला लागे.

त्या रानानेच आपल्याकडच्या जनावरांचा वाण घडविला. तांबड्या अंगावर पांढरे ठिपके असलेली निमाडी जात ही गीर आणि खिल्लारी यांच्या मिश्रणातून झाली असे जाणकार मानतात. गीरचा रंग आणि कपाळ, खिल्लारीचा चपळपणा व काटकपणा असे गुण तीत उतरले आहेत. खानदेशाच्या बाजूस सातपुड्याच्या पायथ्याशी ठेलारी लोकांनी सांभाळलेली तापी-खिल्लारी होती. ‘खिल्लार’ म्हणजे गुरांचा कळप, आणि त्यावरूनच जातीला नाव पडले. ही जनावरे दुधासाठी प्रसिद्ध नव्हती. खडकाळ चढावर चालणारे पाय, टणक खूर आणि थोडक्या वैरणीवर निभावणारे पोट, हे त्यांचे भांडवल होते. गव्हाणीत ढेप-सरकी खाऊन हा वाण तयार झाला नसता.

झाडी आणि जनावरे यांचा असा संसार केवळ आपल्याकडेच होता असे नाही. युरोपात तो मुख्यतः ओकच्या झाडीत मांडला गेला, आणि तेथे गाईबैलांच्या जोडीला डुकरेही होती. शरद ऋतूत ओकची फळे गळू लागली की गावकरी आपली डुकरे झाडीत सोडीत. काही आठवड्यांत ती पुष्ट होत. इंग्लंडच्या विल्यम राजाने १०८६ साली देशाची जी मोजदाद करविली, तिच्यात कित्येक ठिकाणी जंगलाचे माप तेथे किती डुकरे पोसली जातात यावरून नोंदले आहे. १२१७ सालच्या वनसनदेने मुक्त प्रजाजनांचे रानात गुरे व डुकरे चारण्याचे हक्क मान्य केले. दक्षिण इंग्लंडमधील न्यू फॉरेस्टमध्ये आजही शरदात डुकरे सोडण्याची वहिवाट चालू आहे. ती केवळ हौसेची नाही. ओकची हिरवी फळे घोड्यांना व गुरांना बाधतात. ती डुकरांनी खाऊन टाकली की इतर जनावरांचा धोका कमी होतो. तेथील चराईच्या हक्कदारांचे स्वतंत्र न्यायासनही आहे. स्पेनमध्ये विरळ ओकच्या ‘देहेसा’ रानात हिवाळ्यात डुकरे, आणि तेथेच गाई व मेंढ्या, ही पद्धत अद्याप भरभराटीत आहे. आपल्याकडे मोहाच्या फुलांवर ताव मारणारे डुक्कर ते रानडुक्कर. त्याच्याशी शेतकऱ्याचा संबंध माचाणावरून आरोळ्या देण्यापुरताच राहिला. पण ओकच्या फळांचे तेथे जे स्थान, ते येथे मोहाला आणि अंजनाच्या पाल्याला होते, असे म्हणता येईल.

आता आपल्या घराण्यांकडे वळू. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाकडून बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले आणि १७७८ मध्ये ते शिंद्यांच्या अमलाखाली गेले. या काळात आणि त्यानंतर देश, खानदेश व वऱ्हाड येथून कमाविसदार, कुलकर्णी, सावकार, शेतकरी अशी अनेक मराठी कुटुंबे इथे स्थिरावली. मराठी अमलात गुरांच्या चराईवर ‘वनचराई’ नावाची पट्टी असे, आणि सरकारी घोड्यांसाठी कुरणे राखली जात. म्हणजे रान तेव्हाही बेवारस नव्हते. त्यावर सरकारचा हात होता. परंतु पट्टी भरली की वाट मोकळी होती. आपली घराणी या व्यवस्थेत खातेदार म्हणून शिरली. बैल आपले, शेत आपले. गुरे राखणारे हात मात्र कोरकू, भिल्ल, गवळी, धनगर यांचे. त्यांना राखोळी मिळे, सणाला धान्य व वस्त्र मिळे. पोळ्याच्या दिवशी बैलाला पुरणपोळी चारणाऱ्या घरांनी, ज्याने तो बैल तीन वर्षे रानात वाघापासून राखला त्याचे नाव कोठे लिहून ठेवले आहे काय? ही भागी समान नव्हती, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तरीही ती भागी होती.

ती मोडली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी मोडली. १८६० च्या सुमारास शिंद्यांशी झालेल्या अदलाबदलीत बुऱ्हाणपूर इंग्रजांकडे गेले. १८६४ मध्ये निमाड जिल्हा मध्य प्रांतांत समाविष्ट झाला. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव भडकले आणि भुसावळहून खांडव्याकडे लोहमार्ग आला. कापसासाठी खोऱ्यातील गायराने व पडीक माळ नांगराखाली जाऊ लागले. रुळांखालच्या लाकडांसाठी आणि इमारतींसाठी डोंगरातील सागाला मोल आले. खालची चराई पिकाने खाल्ली आणि वरची चराई सागाने.

१८६४ मध्ये जर्मन वनशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रँडिस हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८६५ चा व पुढे १८७८ चा वनकायदा आला. राखीव वन, संरक्षित वन असे वर्ग पडले. नव्या वनशास्त्राला रान म्हणजे मुख्यतः इमारती लाकडाचे कोठार वाटत होते. त्यात फिरणारे जनावर हे रोप खाणारा शत्रू ठरले. तोड झालेले भाग चराईस बंद झाले. डोईवार चराईफी आली, आणि शेतीची जनावरे व धंद्याची जनावरे यांना निराळे दर लागू झाले. ‘निस्तार’ हा शब्द त्याच काळात आपल्या व्यवहारात रुजला. जे पूर्वी वहिवाटीने होत होते, ते आता सरकारी सवलत म्हणून मिळू लागले. १८७१ च्या कायद्याने कोंडवाड्याला बळ आले. चुकलेली गाय सोडवून आणण्यासाठी दंड भरणे हा खेड्यातील नित्याचा प्रसंग झाला.

या बदलाचा अर्थ सर्वांत आधी ज्यांनी ओळखला त्यांत महात्मा जोतीराव फुले यांचे नाव घ्यावे लागते. १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी जंगलखात्यावर कठोर टीका केली. थोडक्या जमिनीचा शेतकरी दोनचार गुरे, शेरडे आणि रानातील फळ-पाला यांच्या आधारावर तग धरीत होता. तो आधार काढून घेतल्यावर त्याचे कर्ज व दारिद्र्य वाढले, असे त्यांचे म्हणणे आहे. गायराने गावांना परत करावीत, अशी मागणीही त्यांनी केली. शेत आणि रान यांचे खाते एक होते, हे त्यांनी नेमके हेरले होते. पुढे सरकारलाही ते अंशतः पटले. शेतीतज्ज्ञ व्होल्कर यांनी आपल्या अहवालात सरपण व वैरणीसाठी वने राखण्याची शिफारस केली, आणि १८९४ च्या वननीतीने वनांच्या चार वर्गांत ‘कुरणे’ हा एक वर्ग मान्य केला. पण चारांत तो शेवटचा होता, आणि शेवटीच राहिला.

येथे दुसरी बाजू मांडणे न्यायाचे होईल. वनाधिकाऱ्यांची तक्रार सर्वस्वी खोटी नव्हती. गुरे कोवळी रोपे खातात व तुडवितात; कोवळे गवत फुटावे म्हणून उन्हाळ्यात लावलेली आग डोंगरभर पसरते; आणि बाहेरून आलेले मोठे व्यापारी कळप एका उतारावर महिनोन्‌महिने बसले तर मातीच वाहून जाते. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी जमिनीखालून झिरपत येते, आणि खानखानान अब्दुर्रहीम यांच्या काळात, सतराव्या शतकाच्या आरंभी, खोदलेला कुंडी भंडारा त्याच पाण्यावर जगला आहे. उतार उघडे पडले तर शहराची विहीर कोरडी पडेल. म्हणून चराईला मर्यादा हवीच. प्रश्न मर्यादेचा नव्हता. ती कोणी घालावी आणि कोणाच्या ज्ञानाने घालावी, हा होता. जुन्या पद्धतीत ऋतूची मर्यादा होती, पाणवठ्याची होती, गुराख्याच्या अनुभवाची होती. ती पुरेशी होती असा दावा करता येणार नाही. पण ती दुरुस्त करण्याऐवजी बाजूला सारली गेली, आणि जे राखणदार होते ते एका रात्रीत अतिक्रमक ठरले.

स्वातंत्र्यानंतर ही दरी बुजली नाही. १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने चराईकडे संशयानेच पाहिले. नेपानगरचा वृत्तपत्री कागदाचा कारखाना १९५० च्या दशकात सुरू झाला, आणि सलई व बांबू यांना नवे गिऱ्हाईक मिळाले. पूर्वेस मेळघाटात १९७४ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला. इकडे खोऱ्यात विहिरी, वीज, ऊस आणि केळी आली. केळीच्या बागेला रानातून आलेल्या बैलाची गरज राहिली नाही. ट्रॅक्टर आला आणि दावण मोकळी झाली. निमाडी बैलाचे काम गेले, तेव्हा निमाडी गाय पाळण्याचे कारणही गेले. खताच्या गोणीने शेणाची जागा घेतली. जी भागी कायद्याने मोडली होती, ती आता सोयीनेही मोडली. २०२२-२३ मध्ये नेपानगर परिसरात झालेली मोठी जंगलतोड आणि त्यावरून उसळलेला संघर्ष आपण वर्तमानपत्रांत वाचला. ज्या रानाशी खोऱ्याचा काहीच व्यवहार उरत नाही, त्याची राखण करण्यातही खोऱ्याला आस्था उरत नाही, हे त्या प्रकरणातून शिकण्यासारखे आहे.

तरी एक वाट अजून उघडी आहे, आणि तिच्यात आपल्या घराण्यांना करण्यासारखे काम आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांत चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला. स्थायिक व भटक्या, दोन्ही प्रकारच्या पशुपालकांचा. त्या कायद्याचे नियम पुरावा म्हणून काय काय स्वीकारतात ते पाहण्यासारखे आहे : गॅझेटियरे, जमाबंदीचे अहवाल, जुने नकाशे, पूर्वीच्या संस्थानांनी दिलेल्या हक्कांच्या व सवलतींच्या नोंदी, परंपरेने चालत आलेली चराईची ठिकाणे, आणि वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन. डोंगरातल्या पाड्यावर अशी कागदपत्रे सहसा नसतात. तेथे स्मृती आहे, कागद नाही. कागद खाली खोऱ्यात आहे, आपल्या माळ्यावरच्या पेट्यांत.

कुलकर्ण्याच्या दप्तरात, सावकाराच्या खतावणीत, शेतघराण्याच्या रोजकीर्दीत जी मोडी लिपीतील बाडे पडून आहेत, त्यांत राखोळीच्या नोंदी असण्याचा संभव मोठा आहे. किती गुरे, कोणाच्या स्वाधीन, कोणत्या डोंगरावर, किती महिने, किती धान्य दिले : घराच्या हिशेबापुरत्या लिहिलेल्या अशा ओळी आज एखाद्या पाड्याच्या चराईहक्काला आधार देऊ शकतील. आपल्या मंडळात मोडी वाचणारी मंडळी अजून आहेत. पुढच्या पिढीत किती असतील हे सांगणे कठीण. घरोघरच्या दप्तरांतून गुरे, चराई, वनचराई व राखोळी यांच्या नोंदी वेगळ्या काढून त्यांचे देवनागरी लिप्यंतर करणे, हे काम एका वर्षात मार्गी लागू शकते. त्यातून आपला घरचा इतिहास तर कळेलच. शिवाय ज्यांच्या राखणीवर आपली शेते उभी राहिली, त्यांच्या नातवंडांच्या हाती एक उपयोगी कागद पडेल.

आसा अहिराचा गड गेला, त्याचे वंशज कोठे पांगले हे कोणी नोंदले नाही. त्याच्यानंतर आलेल्या प्रत्येक सत्तेने गडाचा आणि शहराचा हिशेब ठेवला. रानाचा हिशेब गुराख्याच्या डोक्यात राहिला आणि त्याच्याबरोबर गेला. त्यातला थोडासा भाग, राखोळी देणाऱ्याच्या हस्ताक्षरात का होईना, आपल्या पेट्यांत उरला असेल, तर तो बाहेर काढणे हे आपल्याकडचे जुने देणे आहे.